आधी धून शिकवतात, मग लपवून ठेवतात

पहाट होतेय, टेकडीच्या कडेवर घोडदळ उभं आहे, खाली शत्रूचं अफाट सैन्य, मग रणशिंगं फुंकली जातात आणि घोडे सुटतात. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या फँटसी सिनेमालिकेच्या तिसऱ्या भागातला हा सीन, 2003 सालचा. मी तो किती वेळा बघितलाय याचा हिशोब नाही, पुढचं सगळं पाठ आहे, कोण पडणार कोण वाचणार सगळं माहितीये, तरी दर वेळी बरोब्बर त्याच जागी हातावर काटा येतो म्हणजे येतोच. एकदा मुद्दाम आवाज बंद करून बघितला, तर काहीच झालं नाही. घोडे पळतायत, एवढंच.

मग वाटलं की सगळी करामत संगीताची. पण तेही पूर्ण खरं नाही, कारण ज्याने सिनेमा बघितलाच नाही अशा मित्राला नुसता तेवढा तुकडा ऐकवला तर तो छान आहे म्हणाला आणि गप्प बसला. म्हणजे तो काटा ना एकट्या चित्रात आहे ना एकट्या संगीतात. तो आधीच्या कितीतरी तासांमध्ये हळूहळू पेरलेला असतो आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे पेरणं.

आधी काट्याचं बघू. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो, थंडी वाजली किंवा भीती वाटली की आपली सिम्पथेटिक मज्जासंस्था (आपल्या इच्छेशिवाय आपोआप चालणारी) तो आवळते आणि केस उभा राहतो. अंगभर केस असलेल्या प्राण्यांना त्याचा उपयोग होतो, ऊब टिकते, शत्रूसमोर अंग मोठं दिसतं. आपल्याकडे केस फार उरले नाहीत पण वायरिंग तशीच राहिली, आणि संगीताने ती वायरिंग नेमकी कुठून पकडली हा प्रश्न शास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळतोय.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रॉबर्ट झटोरे यांच्या गटाने 2011 मध्ये यावर एक प्रयोग केला. ज्यांना संगीत ऐकून हमखास शहारा येतो असे 8 जण शोधले, त्यांचं त्यांनाच आवडणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूचे स्कॅन घेतले. 8 म्हणजे लोक कमीच, पण निकाल फार सुंदर होता. शहारा येतो त्या क्षणी मेंदूच्या आतल्या न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाच्या भागात डोपामिन, म्हणजे आनंदाशी आणि ओढीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, वाढलेलं दिसलं, हे एक. आणि खरी गंमत म्हणजे त्या क्षणाच्या आधीच, अजून काहीच झालेलं नसताना, नुसतं आता ते येणार या वाट बघण्यात कॉडेट नावाच्या दुसऱ्याच भागात डोपामिन वाढायला लागलेलं होतं. पुढे 2019 मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी 27 लोकांना औषधं देऊन उलट बाजूने तपासलं, डोपामिन वाढवणाऱ्या औषधाने संगीताचा आनंद वाढला आणि डोपामिनचं काम अडवणाऱ्या औषधाने तो कमी झाला.

म्हणजे वाट बघणं हीच अर्धी मजा. तबला ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, सम कुठे येणार ते माहीत असतं म्हणूनच समेवर आल्यावर मान डोलते, माहीत नसतं तर डोललीच नसती.

पण मग पाठ झालेल्या सीनमध्येही धक्का का बसतो? याचं एक उत्तर मला खूप पटतं. जमशेद भरुचा या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की आपण संगीत ऐकताना दोन वेगवेगळे अंदाज बांधतो, एक आठवणीतून, की या तुकड्यात पुढे अमुक येतं, आणि दुसरा आयुष्यभर संगीत ऐकून झालेल्या सवयीतून, की अशा सुरानंतर सहसा तमुक येतं. हा दुसरा अंदाज आपोआप होतो आणि तो आठवणीचं ऐकतच नाही. त्यामुळे तुम्हाला पुढचं पाठ असलं तरी सवयीच्या अंदाजाला दर वेळी नव्याने चकवता येतं.

आता पेरणीकडे येऊ. एखाद्या माणसाला, जागेला किंवा वस्तूला स्वतःची एक छोटी धून द्यायची आणि ती गोष्ट आली की धून वाजवायची, याला लाइटमोटिफ म्हणतात. हे तंत्र सगळ्यात जास्त ताणलं ते जर्मन संगीतकार रिचर्ड वॅग्नरने, त्याच्या चार ऑपेरांच्या 'रिंग' मालिकेत, जी 1876 मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला पहिल्यांदा पूर्ण सादर झाली. सगळं मिळून साधारण 15 तासांचं काम आहे ते. तिथलं थिएटर त्याने असं बांधून घेतलं की ऑर्केस्ट्रा स्टेजखाली लपलेला, प्रेक्षकाला वाजवणारे दिसतच नाहीत, संगीत नुसतं कुठूनतरी येतं. सिनेमा रुळायच्या कितीतरी आधीच सिनेमासारखं ऐकणं तिथे सुरू झालं होतं असं मला नेहमी वाटतं. आणि त्या मालिकेची सुरुवात कशी, तर एका खोल सुराने, डबल बेस ही मोठी तंतुवाद्यं खाली कुठेतरी घुमतायत, त्यावर हळूहळू हॉर्न ही फुंकवाद्यं चढतात आणि एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा एकच गुच्छ, तालाची 136 छोटी आवर्तनं बदलतच नाही. एक जग तयार होताना ऐकू यावं तसं.

संगीतकार हॉवर्ड शोरने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिन्ही भागांत हेच केलं, धुनांचं अख्खं जाळं विणलं, बहुतेक सगळं लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं, आणि पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या संगीताला ऑस्कर मिळालं. पण त्याने त्या धुना वापरल्या कशा ते ऐका. गोष्टीतल्या नऊ जणांच्या टोळीची धून सुरुवातीला पूर्ण मिळतच नाही, तुकडे मिळतात, टोळी जमत जाते तशी धून जमत जाते आणि सगळे एकत्र आल्यावर ती पहिल्यांदा छाती भरून वाजते, आणि पुढे माणसं गळायला लागतात तशी ती पण तुटक होत जाते. आपल्याला हे कोणी सांगत नाही. आपण ऐकतोय हेही आपल्याला कळत नसतं, पण मेंदू शिकत असतो, या सुरांनंतर हे सूर येतात, आणि एकदा शिकला की मग अर्धी धून वाजवून सोडून दिली तरी उरलेली अर्धी तो स्वतःच मागायला लागतो.

त्या घोडदळाचंही तसंच. त्यांचा देश दुसऱ्या भागात पहिल्यांदा भेटतो तेव्हा त्यांची धून एका एकट्या फिडलवर येते, हार्डांगर फिडल म्हणून नॉर्वेचं वाद्य आहे, त्यात वाजवायच्या तारांखाली आणखी तारा असतात ज्यांना कोणी हात लावत नाही, त्या आपोआप झंकारतात, सतारीच्या तरफांसारख्या. त्यामुळे त्या आवाजाला आधीपासूनच एक मागे राहिलेला, जुना झालेला सूर आहे. तेव्हा ती धून उदास वाटते, वारा सुटलाय आणि एक थकलेलं राज्य आहे. मग तिसऱ्या भागात तीच धून त्या धावत्या घोड्यांवर येते, आणि काटा येतो तो इथे, कारण त्या वेळी आपण फक्त घोडे बघत नसतो, आपल्याला त्या लोकांची अख्खी उदासी आठवत असते.

फँटसीला या सगळ्याची जास्त गरज का? माझं मत असं की खऱ्या जगातल्या गोष्टीला आपल्या आठवणी आयत्या मिळतात, शाळा दाखवली की आपली शाळा आठवते. फँटसीतल्या राज्याची कोणाकडेच काही आठवण नसते. तो किल्ला पडला तर आपल्याला का वाईट वाटावं? तर संगीत तीन तासांत ती आठवण बनवून देतं.

चित्राचा अर्थ संगीत किती बदलू शकतं याचा एक साधा प्रयोग आहे, 1988 चा, मार्शल आणि कोहेन यांचा. त्यांनी एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म घेतली ज्यात फक्त दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरतात, चेहरा नाही, शब्द नाही, आणि वेगवेगळ्या लोकांना ती वेगवेगळ्या संगीतासोबत दाखवली. संगीत बदललं तशी त्या आकृत्यांच्या स्वभावाबद्दलची लोकांची मतं पण बदलली. त्रिकोणाचा स्वभाव! तिथे जर हे होतं तर ड्रॅगनचं आणि राणीचं काय होत असेल.

आता ऑर्केस्ट्राच का, हे काम एखाद्या कीबोर्डवर होत नाही का, असं विचारतात बरेच जण. इथे फिजिक्स येतं. 16 व्हायोलिन एकत्र वाजले म्हणजे आवाज 16 पट वाटत नाही, तो साधारण 12 डेसिबलने वाढतो आणि कानाला जेमतेम सव्वादोनपट वाटतो. मग एवढी माणसं कशाला? कारण कोणतेही दोन वादक बरोब्बर एकाच सुरात, एकाच क्षणी वाजवत नाहीत, केसभर फरक असतोच, आणि ते बारीक फरक एकमेकांत मिसळून आवाज जिवंत हलत राहतो, रुंद होतो. कान ती गर्दी ओळखतो, खूप माणसं एकच गोष्ट करतायत हे त्याला कळतं.

ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्यांची, गोष्ट तर आणखी भन्नाट आहे. फ्रेंच हॉर्नची नळी सरळ केली तर साधारण पावणेचार मीटर भरेल. हळू वाजवला तर तो मखमलीसारखा गोल वाजतो, पण जोरात फुंकला की नळीतली हवेच्या दाबाची लाट पुढे जाता जाता उभी होत जाते, तिचा पुढचा भाग धारदार होतो, आणि त्यातून वरचे चिरत जाणारे सूर तयार होतात. ट्रॉम्बोनमध्ये तर ही लाट थेट शॉक वेव्ह बनते, 1996 मध्ये हे मोजून दाखवलंय. म्हणजे जोरात वाजवलेल्या ब्रासचा फक्त आवाज वाढत नाही, पोत बदलतो. म्हणून तुम्ही टीव्हीचा आवाज अगदी बारीक केलात तरी कानाला कळतं की तिकडे कोणीतरी पूर्ण ताकदीने फुंकतंय, ओरडणारा माणूस लांब असला तरी तो ओरडतोय हे कळतं ना, तसंच.

आणि मग कोरस, म्हणजे समूहगायन. शहाऱ्यांवरच्या अभ्यासांमध्ये काही जागा परत परत सापडतात, अचानक आवाज वाढणं, अनपेक्षित कॉर्ड येणं, नवीन वाद्य किंवा मानवी आवाज आत शिरणं. माणसाच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देणारे खास भाग मेंदूत आहेत हे 2000 च्या सुमारास दिसलं, आणि 2022 मध्ये तर बोलण्याला नाही, वाद्याला नाही, फक्त गाण्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचा गट असल्याचा पुरावा मिळाला. शोरचा कोरस बहुतेक वेळा मूळ कादंबरीचा लेखक टोल्कीन याने बनवलेल्या भाषांमध्ये गातो, म्हणजे जवळजवळ कोणालाच शब्द कळत नाहीत, आणि मला वाटतं त्याचा फायदाच होतो, अर्थ लावण्यात मन अडकत नाही, नुसती माणसं पोचतात.

हे सगळं जन्मजात आहे असं मात्र समजू नका. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांवर 2016 मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की आपल्याला कर्कश वाटणारे कॉर्ड त्यांना गोड कॉर्डांइतकेच चालतात, म्हणजे गोड काय हे बरंचसं शिकलेलं असतं. आणि थोडे लोक असे असतात ज्यांना ऐकू नीट येतं, बाकी सगळ्या गोष्टींत आनंद वाटतो, पण संगीत ऐकून काहीच होत नाही. त्यांच्यात काही कमी आहे असं अजिबात नाही, पण मला ते वाचून मनापासून वाईट वाटलं होतं, त्यांच्यासाठी.

परवा हेडफोन लावून काम करत होतो आणि प्लेलिस्टमध्ये मधूनच ते एकटं फिडल आलं, फक्त पाच-सहा सूर. समोर स्क्रीनवर आकडे होते आणि मला वाऱ्याने वाकलेलं गवत दिसत होतं, जिथे मी कधी गेलो नाही, जे कुठे नाहीच, आणि तिथून निघून आल्याला फार दिवस झालेत असं वाटत होतं.