बिनशिराच्या घोडेस्वारामागचं आयर्लंड

१८६५ साली लंडनमध्ये एक कादंबरी मासिक हप्त्यांनी निघू लागली. जागा टेक्सास, काळ १८५० च्या आसपासचा. एक श्रीमंत मळेवालं कुटुंब गाड्या आणि गुलाम घेऊन नव्या घराकडे निघालेलं असतं आणि वणव्याने जळून काळ्याठिक्कर पडलेल्या माळरानावर वाट चुकतं. राखेत चाकोरी पुसली गेलेली असते. तेवढ्यात एक तरुण घोडेस्वार येतो, दिशा सांगतो आणि पुढे जाताना आपला लासो, म्हणजे फासाचा दोर, राखेतून फरफटत नेतो, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांना त्याची रेघ धरून येता यावं. हा मॉरिस जेराल्ड. रानटी घोडे पकडायचे आणि विकायचे, हा त्याचा धंदा. जन्माने तो आयरिश. कादंबरी ‘द हेडलेस हॉर्समन’ आणि लेखक कॅप्टन मेन रीड, तोही आयरिश.

काउबॉय म्हटलं की आयर्लंड सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. प्रत्यक्ष गुरं हाकणाऱ्यांत आयरिश माणसं होती, पण त्यांचं प्रमाण फार मोठं नव्हतं. ही विद्या मुळात व्हाकेरोंची, म्हणजे मेक्सिकन गुराख्यांची. लासो, खोगीर, रोडिओ, सगळं त्यांच्याकडून आलेलं. इतिहासकारांच्या अंदाजाने पश्चिमेकडच्या काउबॉयांपैकी सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता, आणि चित्रपटांनी तोही बराच काळ लपवला. आयरिश माणूस त्या प्रदेशात जास्त दिसायचा तो रेल्वेचे रूळ टाकताना, खाणीत उतरताना किंवा लष्कराच्या गणवेशात. तरीही लोकप्रिय कथांमध्ये तो पहिल्यापासून आहे: कधी नायक, बहुतेकदा नोकर, पुष्कळदा लेखक. त्याची ही जागा कशी ठरली, ते समजून घ्यायला अमेरिकेच्या आधी आयर्लंडकडे पाहावं लागतं.

आयर्लंडची सगळ्यात गाजलेली जुनी वीरकथा गुरांच्या लुटीची आहे. ‘टॉन बो कूलन्या’ या कथेच्या बाराव्या शतकातल्या हस्तलिखितात सुरुवातीलाच राणी मेव आणि तिचा नवरा आलिल अंथरुणात पडल्यापडल्या हुज्जत घालतात, संपत्ती कोणाची जास्त? भांडी, दागिने, मेंढ्या, घोडे, सगळं मोजून होतं. दोघं बरोबरीत येतात, फक्त आलिलच्या कळपात पांढऱ्या शिंगांचा एक वळू जास्त निघतो. तो जन्मला मेवच्याच कळपात, पण बाईच्या मालकीचं राहायचं नाही म्हणून आलिलकडे निघून गेलेला. त्याच्या तोडीचा वळू उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात आहे. तो आणायला मेव फौज घेऊन निघते आणि अल्स्टरचा वीर कू हुलन एकटा तिला अडवून धरतो. नदीच्या उतारावर एकेक वीर, समोरासमोर. शेवटी त्याच्यापुढे उभा राहतो तो त्याच्याबरोबर शस्त्रविद्या शिकलेला जिवलग मित्र फेर्दिया.

यातून वेस्टर्न, म्हणजे काउबॉयांची कथा, जन्मली असं कोणी म्हणू नये. गुरं हीच जिथे संपत्ती असते, तिथे अशा कथा होणारच. पण गुरांच्या मागे धावण्यात शौर्य बघायची सवय आयरिश श्रोत्याला फार जुनी होती, एवढं खरं.

आणि श्रोता हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. आयरिश गोष्ट ऐकायची होती. थंडीच्या दिवसांत शेजारपाजारची माणसं एका ठरलेल्या घरात जमायची, चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून काढलेलं मातीसारखं सरपण, जळत असायचं आणि शनखी, म्हणजे गावाच्या गोष्टी ज्याला मुखोद्गत असा माणूस, बोलायला लागायचा. पाहुणा आलेला असेल तर रीत ठरलेली: पहिली गोष्ट घरधन्याची, मग उजाडेपर्यंत पाहुण्याच्या. वीराने शस्त्रं चढवली, गलबत समुद्रात लोटलं, लढाईला तोंड लागलं, अशा जागी ठरावीक लयीचे लांबलचक तुकडे यायचे. ते एका दमात म्हणण्यात सांगणाऱ्याची कसोटी लागायची आणि पुढचं आठवायला त्याला उसंतही मिळायची.

१९३५ मध्ये आयरिश फोकलोर कमिशन स्थापन झालं. त्याचे प्रमुख जेम्स डेलार्गी यांनी केरी परगण्यातल्या शॉन ओ’कॉनल या शेतकरी कथेकऱ्याबद्दल लिहून ठेवलं आहे. म्हातारपणी ऐकणारे उरले नाहीत. गोष्टी विसरू नयेत म्हणून गुरं चारताना तो त्या दगडी कुंपणाला सांगायचा, हातवारे आणि चढउतारांसकट. बाजाराहून परतताना करड्या घोडीमागून चढ चढत असला की गोष्ट गाडीच्या मागच्या फळीला. त्याच्या मुलाने हे पाहिलं होतं. लोकवाङ्मयाच्या अभ्यासात असे प्रसंग विरळाच. गोष्ट सांगणं हे त्या माणसाला श्वासासारखं लागत होतं आणि समोर माणूस नसल्याने ते अडलं नाही.

ऐकणारे का उरले नाहीत, याचं मोठं कारण दुष्काळ. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि पुढची सात वर्षं तो फिरून फिरून येत राहिला. दहा लाखांच्या घरात माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. ८० लाखांवरची लोकसंख्या १८५१ पर्यंत ६५ लाखांवर आली. सगळ्यात जास्त फटका बसला तो पश्चिमेकडच्या आयरिश बोलणाऱ्या गरिबांना, म्हणजे शनखीच्याच श्रोत्यांना. त्यांच्या मोकळ्या झालेल्या जमिनींवर जमीनदारांनी कुरणं केली. माणसं घटली आणि गुरं वाढली. बोटीत बसून जे गेले त्यांतले बहुतेक अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरांतच राहिले. काही पुढे सरकले. मोंटानातलं ब्यूट हे तांब्याच्या खाणीचं गाव १९०० च्या सुमारास पाव तरी आयरिश होतं.

टेक्सासमध्ये मात्र आयरिश वस्ती दुष्काळाच्याही आधीची. १८२८ मध्ये मेक्सिकन सरकारने मॅकमुलन आणि मॅकग्लॉइन या दोन आयरिश माणसांना वसाहतीसाठी जमीन दिली आणि न्यूएसेस नदीकाठी सान पात्रिसिओ हे गाव वसलं. सेंट पॅट्रिकचंच स्पॅनिश नाव. हवे होते ते कॅथलिक वसाहतकरी, आणि आयरिश कॅथलिक होते. टेक्सासचा सगळ्यात प्रसिद्ध गुरांचा मालक रिचर्ड किंग हाही आयरिश आईबापांचा, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला मुलगा. १८५३ मध्ये त्याने जमीन घ्यायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी मेक्सिकोतल्या दुष्काळाने गांजलेल्या एका गावातली गुरं विकत घेऊन तिथली माणसंही कामाला आणली. त्याच्या किंग रँचवरचं, म्हणजे गुरांच्या कुरणावरचं, खरं काम त्या व्हाकेरोंनी केलं.

आता मेन रीड. १८१८ मध्ये काउंटी डाउनमधल्या बॅलीरोनी इथे प्रेस्बिटेरियन पाद्र्याच्या घरी त्याचा जन्म झाला. मुलाने पाद्रीच व्हावं असं घरच्यांना वाटत होतं. तो १८४० च्या सुमारास न्यू ऑर्लीन्सला उतरला, दुकानात राहिला, शिकवण्या केल्या, नाटकात काम केलं, फिलाडेल्फियात एडगर ॲलन पोच्या ओळखीचा झाला. हा मोठ्या थापा मारतो पण कलावंताच्या सफाईने मारतो, असं पो त्याच्याबद्दल म्हणाल्याचं सांगतात. मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात तो न्यूयॉर्कच्या स्वयंसेवक पलटणीत अधिकारी होता.

१३ सप्टेंबर १८४७ रोजी मेक्सिको सिटीजवळच्या चापुल्टेपेकच्या किल्ल्यावर अमेरिकन सैन्याने हल्ला केला, त्यात रीडच्या मांडीत गोळी घुसली. त्याच सकाळी तिथून जवळच मिक्सकोआकला ३० कैदी गळ्यात फास अडकवून गाड्यांवर उभे केलेले होते. ही सान पात्रिसिओ पलटण: अमेरिकन सैन्य सोडून मेक्सिकोच्या बाजूने लढलेले शिपाई, त्यांत मोठा भरणा आयरिश कॅथलिकांचा. त्यांचा पुढारी जॉन रायली गॉलवे परगण्यातल्या क्लिफडनचा. युद्ध पुकारण्याआधीच त्याने सैन्य सोडलेलं असल्याने त्याचा फास टळला, गालावर डागण्या मिळाल्या. बाकीच्यांना किल्ला दिसेल असं उभं केलं होतं. तिथे अमेरिकन निशाण चढेपर्यंत त्यांना तसंच ठेवायचं आणि मग गाड्या हाकायच्या, असा कर्नल हार्नीचा हुकूम होता. तो तसाच पाळला गेला.

मला हा दिवस रीडची पुस्तकं समजून घेण्यासाठी कळीचा वाटतो. एकाच बेटावरून आलेली माणसं, एक किल्ल्याच्या उतारावर जखमी होऊन वीर ठरला, दुसरी फासावर गेली. दोघांमध्ये धर्माचं आणि वर्गाचं अंतर होतं, आणि तेच अंतर पुढे कादंबरीत उतरलं. मॉरिस जेराल्ड देखणा, सुशिक्षित, आणि शेवटी कळतं की आयर्लंडमधल्या सरदार घराण्यातला. त्याच्या झोपडीत फेलिम ओनील नावाचा गॉलवेचा नोकर आहे. तो भित्रा आहे, व्हिस्कीच्या बुधल्याभोवती घुटमळतो, मोडकंतोडकं इंग्रजी बोलतो आणि वाचकाने त्याला हसावं अशी योजना आहे. ही व्यक्तिरेखा लंडनच्या रंगभूमीवर आधीपासून तयार होती. रीडने ती उचलली आणि टेक्सासला नेली. आयरिश माणूस कुरणाचा नायक होऊ शकतो हे त्याने दाखवलं, पण त्यासाठी त्याला खानदानी करावं लागलं. साध्या आयरिश माणसाच्या वाट्याला विनोदच आला. रीडची ही कादंबरी मला आवडते, तरी फेलिमच्या बाबतीत त्याने अन्याय केला असंच माझं मत आहे.

मात्र कादंबरीत माळावर जो बिनशिराचा घोडेस्वार दिसतो, त्या भुताला पहिल्यांदा पाहून घाबरणाऱ्यांत फेलिमही आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण असं भूत त्याच्या मुलखाला नवं नाही. आयरिश लोककथांत दुलहान नावाचा बिनशिराचा स्वार आहे. क्रॉफ्टन क्रोकरने १८२० च्या दशकात दक्षिण आयर्लंडच्या कथा छापल्या, त्यांत तो भेटतो. त्या संग्रहाचा पहिला भाग ग्रिम बंधूंनी जर्मनमध्ये नेला. बिनशिराचे स्वार जर्मनीतही होते, आणि टेक्सासमध्येही रेंजरांनी, म्हणजे तिथल्या घोडेस्वार शिपायांनी, एका घोडेचोराचं धड घोड्याला बांधून सोडल्याची दंतकथा सांगतात. रीडची करामत अशी की चुलीपाशी सांगायची भीती त्याने भर उन्हात, उघड्या माळावर आणली आणि तिचा उलगडा टापांच्या ठशांवरून करून दाखवला. भुतामागे माणसाने केलेला खून निघतो. गोष्ट लोककथेसारखी सुरू होते आणि गुन्ह्याच्या तपासासारखी संपते.

इंग्लंड-अमेरिकेत रीड हळूहळू मागे पडला. रशियात मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. चेकॉव्हच्या एका कथेत अमेरिकेला पळून जायला निघालेला शाळकरी मुलगा पहिला प्रश्न विचारतो तो मेन रीड वाचला आहे का, हा. नाबोकोव्हने आत्मचरित्रात या कादंबरीची आठवण लिहिली आहे, आणि १९७३ मध्ये सोव्हिएत चित्रपटही निघाला.

अमेरिकेत १८६० पासून दहा सेंटांच्या कादंबऱ्यांचा पूर आला होता. १८८१ मध्ये शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किड या तरुण गुन्हेगाराला गोळी घातली आणि बिली लगेच त्या कादंबऱ्यांत शिरला. त्याचं मूळ नाव हेन्री मॅकार्टी. न्यू मेक्सिकोतल्या ज्या लिंकन परगण्याच्या भांडणात तो वाढला, त्यात विरुद्ध बाजूचे पुढारी मर्फी आणि डोलन हे आयर्लंडमध्ये जन्मलेले व्यापारी होते. पुढे ओवेन विस्टर या अमेरिकन लेखकाने १८९५ च्या एका लेखात काउबॉय हा सॅक्सन वंशाचा वीर असल्याचं मांडलं आणि त्याच्याच १९०२ च्या ‘द व्हर्जिनियन’ या कादंबरीने त्याचा साचा पक्का केला. त्या साच्यात व्हाकेरोला जागा नव्हती, कृष्णवर्णीयाला नव्हती आणि आयरिशालाही फारशी नव्हती. चित्रपट दिग्दर्शक जॉन फोर्डने, ज्याचे वडील गॉलवेमधल्या स्पिडलचे, आयरिश माणसाला वेस्टर्न चित्रपटांत पुन्हा मानाने आणलं, तरी त्याच्या घोडदळातला सार्जंट पिणारा, गाणारा, मायाळू आणि थोडा हास्यास्पदच राहिला.

आयर्लंडमध्येही गुरांवरून रात्रीच्या मोहिमा झाल्या, याची कुठे फार चर्चा होत नाही. दुष्काळानंतर जी कुरणं झाली त्यांना तिथले लोक रँचच म्हणत. ऑक्टोबर १९०६ मध्ये वेस्टमीथमधल्या सभेत खासदार लॉरेन्स गिनेल यांनी भूमिहीनांना सांगितलं की या कुरणांवरची गुरं हाकून द्या. पुढची दोनतीन वर्षं माणसं रात्री फाटकं उघडून गुरं मैलोन्‌मैल रस्त्यांवर सोडून देत होती. गिनेल तुरुंगात गेले. इतिहासात याला रँच वॉर म्हणतात.

म्हणून १९३९ मध्ये फ्लॅन ओ’ब्रायनने ‘ॲट स्विम-टू-बर्ड्स’ या कादंबरीत डब्लिनच्या रिंग्सेंड भागात काउबॉय आणले, तेव्हा ते अगदीच आभाळातून पडलेले नव्हते. ट्राममार्गांच्या शहरात गुरांची चोरी होते, गोळीबार होतो, आणि त्याच पुस्तकात जुना वीर फिन मॅककूलही बसलेला असतो. आयरिश भाषेत वाढलेल्या या लेखकाला जुनी गुरांची लूट आणि स्वस्तातली वेस्टर्न एकाच घराण्यातली दिसली.

या सगळ्यात फेलिमच्या वर्गातल्या माणसाचा स्वतःचा आवाज मिळतो तो मिकी मॅक गावनकडे. १८६५ मध्ये, रीडची कादंबरी निघू लागली त्याच वर्षी, तो डोनेगलच्या आयरिश बोलणाऱ्या भागात जन्मला. लहानपणीच त्याला मजुरीच्या बाजारात उभं केलं गेलं. मग स्कॉटलंड, मग अमेरिका, मोंटानातल्या चांदीच्या खाणी, आणि १८९८ च्या सोन्याच्या लाटेत कॅनडातलं क्लॉन्डाइक. १९०२ मध्ये तो परतला आणि सोन्याच्या पैशांतून गावातच घर घेतलं. त्याची हकिगत त्याच्या जावयाने, लोकवाङ्मय गोळा करणाऱ्या शॉन ओ’हेओही यांनी, ऐकून उतरवून घेतली. मिकी १९४८ मध्ये गेला, पुस्तक आयरिशमध्ये १९५९ ला आलं आणि तीन वर्षांनी ‘द हार्ड रोड टू क्लॉन्डाइक’ या नावाने इंग्रजीत. त्यात थंडी आहे, भूक आहे, मोंटानात भेटलेली त्याच्याच भागातली माणसं आहेत, आणि हे सगळं तो हिवाळ्यात चुलीपाशी बसून सांगावं तसं सांगतो. वेस्टर्नच्या वाचकाने रीडनंतर लगेच हे पुस्तक हातात घ्यावं.