चंद्रावर हवा नाही, मग उजेड कसला?

२१ जानेवारी २०१९ला खग्रास चंद्रग्रहण होतं. आपल्याकडे तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजत आले होते, त्यामुळे आपल्याला ते दिसलं नाही. युरोप-अमेरिकेत मात्र चंद्र पूर्ण सावलीत शिरल्याबरोबर त्याच्या कडेजवळ एक ठिपका चमकला आणि जेमतेम पाव सेकंदात मावळला. चंद्रावरच्या अशा चमका शोधणाऱ्या, स्पेनमधल्या मिडास प्रकल्पाच्या दुर्बिणींनी तो टिपला. ग्रहणाच्या थेट प्रक्षेपणांतही तो सापडला. ही चित्रफीत कुणालाही दाखवा, प्रश्न ठरलेला: चंद्रावर ऑक्सिजन नाही, मग पेटलं काय?

पेटलं काहीच नाही, अवकाशातून आलेला एक दगड चंद्रावर आदळला होता. पृथ्वीवर येणारे बहुतेक अशनी-कण वातावरणातच तापून संपतात. चंद्रावर त्यांना अडवायला कुणी नाही, दगड पूर्ण वेगानिशी जमिनीवर येतो. आता शाळेतलं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मे. एक किलोचा दगड सेकंदाला २५ किलोमीटर वेगाने आला, तर ही ऊर्जा भरते सुमारे ३१ कोटी ज्यूल. टीएनटी या स्फोटकाच्या एका किलोतून सुमारे ४२ लाख ज्यूल मिळतात. म्हणजे त्या दगडात स्फोटक असं काहीही नसताना, निव्वळ वेगामुळे तो ७५ किलो टीएनटीच्या तोडीचा होतो!

हा वेग खडकातल्या ध्वनीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यामुळे खालच्या खडकाला बाजूला सरकायला अवधीच मिळत नाही. प्रचंड दाबाची आघात-लहर दोघांतून जाते, दगड आणि जमीन यांचा काही भाग वितळतो, काहीची वाफ होते. वाफ क्षणात पसरून थंड होते. मागे उरतात ते उडालेले वितळलेल्या खडकाचे थेंब, आणि आपल्याला दिसणारा उजेड मुख्यतः त्यांचाच. भट्टीतून काढलेलं लोखंड जळत नसतानाही लाल दिसतं, तसंच हे. हे थेंब गोठले की काचेचे मणी होतात. अपोलोच्या यानांनी आणलेल्या चांद्रमातीत असे मणी आहेत, आणि आपल्या लोणारच्या विवराभोवतीही ते मिळतात. लोणारचा आघात दख्खनच्या बेसाल्टवर झाला आणि चंद्रावरचे काळसर डागही बेसाल्टचेच, म्हणून चंद्राच्या अभ्यासकांना लोणार इतकं मोलाचं वाटतं.

थेंबांचं तापमानही मोजता येतं. ग्रीसमधल्या क्रियोनेरी वेधशाळेत १.२ मीटरच्या दुर्बिणीवर २०१७मध्ये अशा चमका टिपणारा नेलिओटा प्रकल्प सुरू झाला. तिथे एकच प्रकाश विभागून दोन कॅमेऱ्यांकडे जातो, एक लाल रंगात पाहतो, दुसरा अवरक्ताच्या, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या जवळ. दोन्हींतल्या तेजाच्या गुणोत्तरावरून तापमान निघतं, साधारण १,३०० ते ३,००० केल्विन.

वस्तुमान काढणं मात्र कठीण. एकूण ऊर्जेचा साधारण हजारावा भागच प्रकाशात उतरतो, आणि हा आकडाही पक्का नाही. त्यात वेग थेट मोजता येत नाही, दगड कोणत्या उल्कावर्षावातला असावा यावरून तो धरावा लागतो. सेकंदाला ३५ किलोमीटरऐवजी १७.५ धरला, तर तेवढ्याच ऊर्जेसाठी वस्तुमान चौपट निघतं. म्हणून १७ मार्च २०१३ची घटना मला फार महत्त्वाची वाटते. नासाच्या दुर्बिणीने मारे इम्ब्रियम या चंद्रावरच्या काळसर डागात चमक पाहिली, पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांची तुलना करून तिथलं नवं विवर शोधलं, व्यास सुमारे १८ मीटर. चमक आणि खड्डा, दोन्ही हातात आले, म्हणजे चमकेवरून काढलेला अंदाज खड्ड्याशी ताडून पाहता आला.

ग्रहणात चंद्राकडे पाहू नये, असं आजही घरोघरी सांगितलं जातं. २०१९ला लोक दुर्बिणी रोखून बसले होते, म्हणून तर ही नोंद झाली. तसंच, एका मोबाइलवरच्या एका ठिपक्यावरून ‘चंद्रावर स्फोट’ अशी बातमी करणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. वैश्विक किरणाचा एखादा कण कॅमेऱ्यावर आदळला तरी हुबेहूब असाच ठिपका उमटतो. उपग्रहावरून परावर्तित झालेलं ऊनही फसवतं.

हे काम हौशी निरीक्षकांना जमण्यासारखं आहे. आठ इंची दुर्बीण, मंद प्रकाश टिपणारा व्हिडिओ कॅमेरा आणि जीपीएसची अचूक वेळ, एवढं हवं. शुद्ध चतुर्थी ते सप्तमी संध्याकाळी, किंवा वद्य नवमी ते द्वादशी पहाटे, चंद्राचा अंधारा भाग चित्रित करायचा. उजळलेला भाग चौकटीबाहेर ठेवायचा, नाहीतर त्याच्या झगमगाटात सगळं बुडतं. चमक बहुतेकदा चित्रफितीच्या एकदोन फ्रेममध्येच असते, त्यामुळे चित्रफीत संगणकाकडून तपासून घ्यावी. आणि दुर्बिणी दोन हव्यात, शक्यतो दूरच्या गावांत, एक पुण्यात, एक नाशिकला. कॅमेऱ्यावर आदळलेला कण एकालाच दिसेल, उपग्रह दोघांना चंद्रावर वेगवेगळ्या जागी दिसेल. त्याच क्षणी त्याच जागी दोघांनाही ठिपका मिळाला, तरच तो चंद्रावरचा आघात म्हणून नोंदवायचा.