आंतरराष्ट्रीय इस्लामी मदतसंस्था: कारभार नक्की कोणाच्या हातात, थोडी पार्श्वभूमी

आधी एक गल्लत दूर करू, कारण दर रमजानला ती नव्याने होते. रेड क्रेसेंट म्हणजे इस्लामी चॅरिटी नव्हे. ते रेड क्रॉसचंच दुसरं चिन्ह, १८७६ मध्ये ऑटोमन तुर्कांनी वापरायला घेतलं आणि १९२९ च्या जिनिव्हा करारात त्याला मान्यता मिळाली, त्यांचा कारभार वेगळ्याच नियमांनी चालतो. इथे विषय आहे तो देणगीदारांच्या जकात (बंधनकारक वार्षिक दान) आणि सदका (ऐच्छिक दान) यांवर उभ्या राहिलेल्या, अनेक देशांत काम करणाऱ्या खासगी मदतसंस्थांचा. जुन्या नाशकात, वडाळ्यात, मालेगावात रमजानमध्ये प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर यांची पोस्टर फिरतात आणि मग दुकानात, इफ्तारनंतर, एकच प्रश्न निघतो की हे पैसे जातात कुठे. माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा, तो म्हणजे हे पैसे कुठे जायचे ते ठरवतं कोण आणि त्याला जाब कोण विचारतो.

वक्फचा जुना इतिहास, खलिफांच्या काळातला बैतुलमाल म्हणजे सार्वजनिक खजिना वगैरे बहुतेकांना माहीत आहे, त्यात जात नाही. आज आपण ज्या संस्था बघतो त्या त्या परंपरेचं नाव घेतात पण त्यांचा सांगाडा विसाव्या शतकाच्या शेवटचा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात आखाती देशांत तेलाचा पैसा होता, तिथे सरकारच्या आशीर्वादाने मोठ्या संस्था निघाल्या. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये स्थलांतरित मुसलमानांनी स्वतःच्या संस्था काढल्या, आणि माझ्या मते पुढे टिकलं ते ब्रिटिश मॉडेल, कारण त्यांच्यावर पहिल्यापासून एक बाहेरचा नियामक बसलेला होता.

त्यातली सर्वात मोठी बर्मिंगहॅमची इस्लामिक रिलीफ. १९८४ मध्ये इथिओपिया-सुदानच्या दुष्काळात एका इजिप्शियन डॉक्टरने सुरू केली, पहिली देणगी वीस पेन्सची, पहिलं काम सुदानमध्ये कोंबडीपालनाचं. १९८९ मध्ये रीतसर चॅरिटी म्हणून नोंदणी, १९९४ मध्ये ब्रिटिश सरकारचं अनुदान, आणि २००५ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या मदतसंस्थांच्या संयुक्त आपत्ती निधीत प्रवेश. हा शेवटचा टप्पा लोक विसरतात पण तो मोठा आहे, कारण तिथे बाकीच्या सदस्य संस्था तुमचे हिशोब, तुमची पद्धत बघूनच आत घेतात.

आता रचना. कायद्याने ही संस्था एकाच वेळी चॅरिटी आणि गॅरंटीने मर्यादित कंपनी आहे, म्हणजे शेअर नाहीत, नफा वाटप नाही, आणि विश्वस्त हेच कंपनीचे संचालक. विश्वस्त बिनपगारी, खाली पगारी मुख्याधिकारी आणि त्याच्या हाताखाली सगळा स्टाफ. इथपर्यंत आपल्याकडच्या ट्रस्टसारखंच. गुंता पुढे आहे. एका बाजूला आहेत ज्या देशांत पैसा गोळा होतो तिथल्या संस्था, जर्मनी, स्वीडन, कॅनडा, अमेरिका वगैरे. त्या तिथल्या कायद्याने वेगळ्या नोंदलेल्या, त्यांचं स्वतःचं बोर्ड, स्वतःचं ऑडिट, अमेरिकेतली १९९३ ची आहे. दुसऱ्या बाजूला आहेत पाकिस्तान, बांगलादेश, सुदान, माली अशा ठिकाणची ऑफिसं, जिथे प्रत्यक्ष काम होतं, आणि ती बर्मिंगहॅमच्या थेट हाताखाली चालतात. जिल्हा बँकेची तालुक्यातली शाखा आणि फेडरेशनमधली स्वतंत्र पतसंस्था यात जो फरक तोच इथे. नाव एक, बोधचिन्ह एक, पण एक हुकूम घेते आणि दुसरी मत देते. सदस्य संस्थांच्या प्रतिनिधींची एक आंतरराष्ट्रीय आमसभा आहे आणि मुख्य बोर्ड तिथून निवडून येतं. म्हणजे मताचा अधिकार मुख्यतः देणाऱ्या देशांकडे, घेणाऱ्यांकडे नाही. मला हे खटकतं आणि ते मी लपवत नाही. ज्या गावात विहीर खोदायची त्या गावाचा माणूस बोर्ड निवडताना खोलीत नसेल तर तिथल्या तक्रारी वर पोचायला फार वळणं लागतात. २०१४ मध्ये मदतसंस्थांसाठी जे सामायिक मानक आलं त्यात मदत घेणाऱ्यांचं म्हणणं ऐकणं, तक्रारीची सोय ठेवणं हे सगळं लिहिलंय, ते चांगलंच आहे, पण तक्रारपेटी म्हणजे मत नव्हे.

हिशोबाचा भाग थोडक्यात सांगतो. मदरशाच्या सफीरकडचं, म्हणजे देणगी गोळा करत फिरणाऱ्याकडचं पावतीबुक ज्यांनी पाहिलंय त्यांना अर्धी गोष्ट आधीच कळलेली असते. पातळ कागद, खाली कार्बन, आणि नावाखाली रकाने: जकात, फितरा (रमजान ईदचं दान), सदका, अतियात (साधी देणगी), चर्म-ए-कुर्बानी (कुर्बानीच्या कातड्याचे पैसे). सफीर विचारतो, "कशात टाकू?" आणि त्या रकान्यात रक्कम लिहितो, एका रकान्याचा पैसा दुसऱ्यात वापरायचा नाही. बर्मिंगहॅमच्या ताळेबंदात हेच रकाने बंधनकारक निधी म्हणून दिसतात आणि ऑडिटर ते एकेक करून तपासतो. वादाचा मुद्दा फक्त ऑफिसच्या खर्चाचा. कुरआनात (९:६०) जकातीचे आठ हकदार सांगितलेत, त्यात गोळा करणारे कर्मचारीही आहेत, त्यावरून काही फकीह (इस्लामी कायद्याचे जाणकार) आठवा हिस्सा म्हणजे १२.५ टक्क्यांपर्यंत खर्च चालतो म्हणतात. दुसरीकडे "तुमचा शंभर टक्के पैसा गरिबाकडे" अशी जाहिरात करणाऱ्या संस्था आहेत, त्या बऱ्याचदा ब्रिटिश सरकारच्या गिफ्ट एड योजनेतून खर्च भागवतात, जिथे करदात्याने एक पौंड दिला की सरकार वर २५ पेन्स देतं. खर्च नाहीसा होत नाही, दुसऱ्या खिशातून येतो एवढंच. शंभर टक्केवाली जाहिरात मला म्हणून पटत नाही, ऑडिट, गोडाऊन, ड्रायव्हरचा पगार याशिवाय धान्य पोचत नाही हे देणगीदाराला सरळ सांगायला हवं.

सगळं बदललं ते २००१ नंतर. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर दोन महिन्यांच्या आतच पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय टास्क फोर्सने दहशतवादाच्या फंडिंगविरुद्ध खास शिफारसी काढल्या, त्यातली आठवी ना-नफा संस्थांवर. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेने तिथल्या सर्वात मोठ्या मुस्लिम चॅरिटीची मालमत्ता गोठवली, २००८ मध्ये तिच्या चालकांना दोषी ठरवलं गेलं आणि २००९ मध्ये शिक्षाही झाल्या. त्या धक्क्याने बाकीच्या संस्थांचा कारभार पार बदलला, प्रत्येक भागीदार, प्रत्येक पुरवठादार, प्रत्येक स्टाफचं नाव बंदी घातलेल्यांच्या याद्यांशी ताडून बघायचं हे रोजचं काम झालं. आठव्या शिफारशीतला सगळ्या ना-नफा संस्थांना विशेष धोकादायक ठरवणारा शब्दप्रयोग काढायला २०१६ उजाडलं, पंधरा वर्षं. तोवर बँकांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. बर्मिंगहॅमच्या संस्थेचं खातं २०१२ मध्ये एका स्विस बँकेने बंद केलं, नंतर एका बड्या ब्रिटिश बँकेने संबंध तोडल्याचं २०१६ च्या सुरुवातीला बाहेर आलं. २०१४ मध्ये इस्रायलने बंदी घातली आणि त्याच वर्षी अमिरातीने आपल्या दहशतवादी यादीत नाव टाकलं, संस्थेने आरोप फेटाळले, बाहेरच्या फर्मकडून ऑडिट करून घेतलं आणि त्यात आरोपांना पुरावा सापडला नाही असं जाहीर केलं. ब्रिटनमधली नोंदणी या सगळ्यात कायम राहिली. पण भूकंप झाल्यावर पैसे पाठवायला तीन-चार बँकांच्या हातापाया पडायचं, आणि तेवढ्या वेळात माणसं उघड्यावर, याचा हिशोब कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

आणि मग २०२०. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण विश्वस्त या पदाचा अर्थ काय ते इथे कळतं.

जुलै २०२० मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्राने मुख्य बोर्डावरच्या एका विश्वस्ताच्या जुन्या फेसबुक पोस्ट छापल्या, ज्यूंबद्दल अत्यंत घाणेरडी भाषा. संस्थेने निषेध केला, त्याने राजीनामा दिला. काही आठवड्यांतच दुसऱ्या एका विश्वस्ताच्या २०१४-१५ मधल्या पोस्ट निघाल्या. आता तोही जाणार हे उघड होतं, पण झालं वेगळंच, सगळं बोर्डच पायउतार झालं, आणि ऑगस्टमध्येच आमसभेत नवं बोर्ड निवडलं गेलं.

यावर तेव्हाही दोन मतं होती आणि अजून आहेत. एक म्हणणं असं की दोघांच्या पोस्टसाठी बाकीच्यांनी का जावं, वर्षानुवर्षांचा अनुभव एका फटक्यात घालवला, आणि हे दबावाखाली झुकणं झालं, आज पोस्ट उद्या आणखी काही. दुसरं म्हणणं असं की विश्वस्त मंडळाची जबाबदारी सामूहिक असते, माणसं निवडताना तपासणी बोर्डाने करायची होती ती झाली नाही, मग चूक दोघांची राहत नाही. मी दुसऱ्या बाजूचा. संस्थेचं पहिलं तत्त्व काय, तर मदत देताना धर्म-वंश बघायचा नाही. १९९४ च्या मदतसंस्थांच्या आचारसंहितेत ते स्पष्ट लिहिलंय, आणि जी संस्था दुसऱ्यांकडून द्वेष सोसते तिने स्वतःच्या घरात तो चालवून घेतला तर सुदानमधल्या किंवा गाझातल्या स्टाफने कोणत्या तोंडाने बोलायचं? शिवाय आपल्याकडचा अनुभव बघा. नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात ज्यांनी कधी ट्रस्टचं काम केलंय त्यांना माहीत आहे, विश्वस्त बदलला की राज्याच्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो, आणि त्यावर हरकती, तारखा, गटबाजी, यात वर्षं जातात, देऊळ असो, मशीद असो की शिक्षणसंस्था, खुर्ची सोडायला कोणी तयार नसतं. त्या पार्श्वभूमीवर अख्खं बोर्ड महिनाभरात बाजूला होतं हे मला मोठं वाटतं.

पण पायउतार होऊन प्रकरण मिटलं नाही. वर्षाच्या शेवटी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने संबंध तोडले, जर्मन सरकारनेही हात आखडता घेतला. संस्थेने एका माजी ब्रिटिश अॅटर्नी जनरलच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमला, त्याचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. निष्कर्ष असा की संस्था म्हणून ज्यूद्वेष नाही, पण विश्वस्तांची निवड आणि तपासणी कमकुवत होती आणि ती सुधारायला हवी. ब्रिटनच्या चॅरिटी नियामकानेही त्याच सुमारास आपली चौकशी आटोपली. आयोगाने बोट ठेवलं ते निवडीच्या पद्धतीवरच, म्हणजे पुन्हा त्याच प्रश्नावर की बोर्डावर माणूस आणतो कोण.

भारतातलं गणित यापेक्षा वेगळं. इथे १९७६ चा, मग २०१० चा परदेशी देणगीचा कायदा, आणि सप्टेंबर २०२० मधली दुरुस्ती, योगायोगाने त्याच वर्षी. त्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी नवी दिल्लीतल्या एका सरकारी बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यायला हवा, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के, आणि एका संस्थेने घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण मनाई, दुसरी नोंदणीकृत असली तरी. नवी नोंदणी हवी तर तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. मालेगावात यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत एक दवाखाना चालवणारा छोटा ट्रस्ट, ज्याचं वर्षाचं बजेटच लाख-दोन लाख, तो या दारापर्यंत पोचत नाही, आणि पूर्वी मोठ्या संस्थेमार्फत जे थोडंफार यायचं तेही बंद. ही अट सगळ्या धर्मांच्या संस्थांना सारखीच आहे, मार मात्र लहानांना बसतो.

उलट दिशेने, म्हणजे नाशिकमधून परदेशी संस्थेला देणगी दिली तर ८०जी ची म्हणजे देणगीवरची प्राप्तिकर सवलत मिळत नाही, ती फक्त इथे मान्यता असलेल्या संस्थांसाठी. पोस्टरवर ८०जी लिहिलेलं असेल तर ते कोणत्या भारतीय ट्रस्टच्या नावावर आहे, त्याचा धर्मादाय नोंदणी क्रमांक काय, आणि विश्वस्त कोण, हे पावती घेण्याआधी विचारून घ्या. सार्वजनिक ट्रस्टची नोंद सार्वजनिकच असते, ती बघायचा तुम्हाला हक्क आहे.