सांडपाणी विसर्गमुख (मराठवाडा)

सांडपाणी विसर्गमुख : वाहिनीतले, नाल्यातले किंवा शुद्धीकरण केंद्रातले पाणी नदीत अथवा जलाशयात जिथे पडते ते ठिकाण. अभियंते त्याला ‘आउटफॉल’च म्हणतात. मुंबईत ते समुद्रतळाशी नेलेले आहे. मराठवाड्यात ते काठावर उघडे असते आणि बहुधा वासावरूनच सापडते.

आराखड्याचा पाया म्हणजे मिश्रणानंतर उरणारी जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, व्यवहारातला बीओडी : पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू जितका ऑक्सिजन वापरतात तो. त्याची मर्यादा इंग्लंडच्या सांडपाण्यावरील राजआयोगाने (रॉयल कमिशन) 1912 साली घातली. सांडपाण्याचा बीओडी लिटरला 20 मिग्रॅ. आणि नदीत त्याच्या आठपट, 2 मिग्रॅ. बीओडीचे पाणी असेल, तर मिश्रण 4 वर येते. बीओडीची मूळ चाचणी पाच दिवसांची. ते पाच दिवस कुठून आले याबद्दल एकमत नाही. ब्रिटनमधील नद्यांचे पाणी तेवढ्या काळात समुद्राला मिळते, हे पाठ्यपुस्तकांत नेहमी येणारे कारण. नायट्रीकरण (जीवाणूंनी अमोनियाचे नायट्रेट करणे, यातही ऑक्सिजन खर्च होतो) जोर धरण्याआधी मोजणी संपावी, हे दुसरे. पहिले अधिक प्रसिद्ध असले तरी प्रयोगशाळेच्या दृष्टीने दुसरे अधिक उपयोगी. भारतात पाच दिवस व 20 अंशांऐवजी तीन दिवस व 27 अंश सेल्सिअस धरतात. दोन्ही आकडे जवळ येतात, तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून जुन्या अहवालांची तुलना करताना पद्धत आधी पाहावी.

खरी अडचण ‘आठपट’ या शब्दात आहे. छत्रपती संभाजीनगरची खाम नदी उन्हाळ्यात बहुतांशी सांडपाण्यावरच वाहते. पातळ करायला पाणीच नसेल, तर विसर्गाचा बीओडी तोच नदीचा बीओडी. कांचनवाडी येथील केंद्राची क्षमता दिवसाला 161 दशलक्ष लिटर आहे. खाम पुढे नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, जाते आणि शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः तिथूनच येते. विसर्गमुखाचा विचार इथे पाणीपुरवठ्यापासून तोडता येत नाही.

अमेरिकेतील ओहायो नदीसाठी 1925 मध्ये मांडलेले स्ट्रीटर-फेल्प्स समीकरण आजही पुरते. विसर्गाखाली ऑक्सिजन घसरतो आणि पुढे हवेतून भरून निघतो, त्याचा आलेख ते देते. पाणी 20 अंशांना असता लिटरला सुमारे 9 मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, 30 ला 7.5, मे महिन्यात सुरुवातच खालून होते. कॉर्मिक्ससारखी विसर्गाच्या झोताचे मिश्रण दाखवणारी संगणकीय प्रतिमाने खोल, वाहत्या पाण्यासाठी आहेत. कोरड्या पात्रात ती चालवून मिळणारा रंगीत नकाशा देखणा असतो, इतकेच.

गोदावरीवर नांदेडजवळ प्रश्न उलटा आहे. विष्णुपुरी धरणाच्या खाली आमदुरा, बळेगाव, बाभळी अशी बंधाऱ्यांची रांग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात. नंतर पाणी साठते. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन सावकाश भरतो, शेवाळ वाढते. म्हणून एकाच नदीसाठी दोन ऋतूंची दोन प्रतिमाने करावी लागतात. केंद्रीय जल आयोगाची ढालेगाव, येळी ही प्रवाहमापन ठिकाणे त्यासाठी उपयोगी पडतात.

विरघळलेला ऑक्सिजन मोजण्यासाठी नमुना घेताना बाटली बुडबुडा न राहू देता भरतात, मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड काठावरच घालतात. गाळ तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही, पुढचे टायट्रेशन (द्रावण थेंबाथेंबाने घालून केलेली मोजणी) नावापुरते. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येत असेल, तर पाणी सुटल्या दिवसाचा आणि इतर दिवसाचा नमुना एक मानू नये. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत सांडपाणी घटते पण घट्ट होते. एकाच सकाळच्या नमुन्यावर रचना केलेले केंद्र मग कधी उपाशी, कधी अजीर्ण झालेले दिसते.

नव्या रचनेत मुखाशी मोजपट्टीसह पार्शल फ्ल्यूम (प्रवाह मोजायची मध्ये अरुंद होणारी पन्हळ) आणि हवा मिसळायला दगडी पायऱ्यांचा उतार ठेवावा. उद्योग किंवा शेती घेणार असेल तितके पाणी मुखापर्यंत येऊच न देणे अधिक बरे.

इतर शहरांत बीडला बिंदुसरा, जालन्याला कुंडलिका, हिंगोलीला कयाधू या नद्या सांडपाणी घेतात.