रडल्याने कॅन्सर वाढत नाही

परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर, लोकलच्या डब्यात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘मन खंबीर ठेवा, रडलात तर आजार वाढेल.’ लोक धीर द्यायलाच म्हणतात, पण ते खरं नाही.

मनाच्या अवस्थेवर आयुष्य ठरतं, या समजाला १९८९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासाने बळ दिलं. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ज्या बायका गटात बसून मन मोकळं करत, त्या जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. २००१ मध्ये कॅनडात मोठ्या गटावर तसाच प्रयोग झाला. आयुष्य वाढलं नाही. मात्र मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या, विशेषतः ज्या आधीच फार खचल्या होत्या त्यांच्या. २००७ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातही मनःस्थिती आणि जगणं यांचा संबंध आढळला नाही.

मला या समजाची चीड येते ती एवढ्यासाठी, की आजार उलटला तर दोष पेशंटवरच येतो. आई घरच्यांसमोर हसते आणि मोरीत नळ सोडून रडते.

मग समुपदेशन कशाला? झोप लागावी, भीती बोलता यावी, केमो अर्धवट सुटू नये म्हणून. आणि पैसे, राहण्याची सोय, सुटलेली नोकरी या काळज्या नुसत्या धीराने मिटत नाहीत. त्यासाठी हॉस्पिटलातल्या वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्या आठवड्यातच भेटा. सलग दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा.