बाळासाठी पुसायची सुती फडकी: घरी कशी शिवावीत, कशी धुवावीत

बाळंतविड्याच्या खरेदीला आलेल्या आया-आज्या आमच्याकडून झबली, टोपडी, दुपटी घेतात आणि जाता जाता विचारतात, "वाइप्स आहेत का?" पाकिटातले वाइप्स आम्ही ठेवत नाही. सुती फडकी ठेवतो, आणि ती तुम्ही घरीही शिवू शकता, म्हणून हे पत्रक. शिवणकाम सोपं आहे. जपायचं ते दोन गोष्टींत: कापड कुठलं घेतलं, आणि धुतल्यावर ते पुरतं वाळलं का.

कापड

घरात आजोबांचं जुनं धोतर असेल तर दुकानात येऊच नका. धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरासारखं कापड विकत मिळत नाही. जुनं सुती लुगडंही चालतं, पण इरकलीचे काठ-पदर बाजूला काढा. त्यांत बहुतेक वेळा कृत्रिम रेशीम असतं, सूत नव्हे. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवरच्या साड्या नेसायला सुरेख, पण त्यांत आता कृत्रिम धागा पुष्कळ असतो, त्यामुळे बाळाला पुसायला त्या नकोत.

कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर दोन-चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर असेल तर धागा वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. रंगीत कापड ओलं करून पांढऱ्या रुमालावर चोळून बघा. रंग उतरला तर ते वापरू नका.

नवीन घ्यायचं तर एका बाजूला मलमल आणि दुसऱ्या बाजूला सुती फ्लॅनेल, ही जोडी आम्हाला सगळ्यात पसंत आहे. मलमल चेहऱ्याला हळुवार, फ्लॅनेलची लव शी नीट उचलते. नव्या कापडाला खळ असते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून दोनदा धुवा आणि मगच कातर लावा, नाहीतर पहिल्या धुण्यात शिवलेलं फडकं आटून वेडंवाकडं होतं.

शिवण

४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून, ते थोडं आटलं तरी, ८ इंचांचे २० चौकोन निघतात. दोन पदरी फडकी करायची तर एक मीटर मलमल आणि एक मीटर फ्लॅनेल मिळून २० होतात. मलमल कापण्यापेक्षा काठाला छोटी चीर देऊन फाडा, म्हणजे धाग्यात सरळ जाते.

सुलट बाजू आत ठेवून दोन्ही तुकडे जोडा, पाव इंच आत टीप मारा, एका बाजूला दोन बोटं जाईल एवढी जागा मोकळी सोडा. कोपऱ्यांचं जादा कापड छाटा, फडकं उलटवा आणि कडेने वरून एक टीप फिरवा. मोकळी जागा तिथेच बंद होते. दोरा सुती वापरा. साडीला करतात तसा नायलॉन दोऱ्याचा पिको इथे नको, तो वाळल्यावर टोचतो. लेस, भरतकाम, बटण काही नको.

एक गोष्ट मात्र आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: लोंबणारा एकही दोरा ठेवू नका. सुटा दोरा बाळाच्या बोटाला किंवा शूच्या जागेला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक धुण्यानंतर कडा बघा.

तान्ह्या बाळाचे लंगोट दिवसाला आठ-दहा वेळा बदलावे लागतात. रोज धुणार असाल तर ३० फडकी पुरतात, पावसाळ्यात डझनभर जास्त. चेहऱ्याची आणि खालची वेगळी ठेवा. खालच्यांना लाल दोऱ्याची टीप मारली की घरातल्या कुणाचीही गल्लत होत नाही.

वापरताना

उकळून गार किंवा कोमट केलेलं साधं पाणी, बस. गुलाबपाणी, सुगंधी तेल, साबणाचा फेस, डेटॉल यांतलं काहीही घालू नका. फडकी कोरडीच ठेवा आणि ऐनवेळी भिजवा. ओली करून डब्यात भरून ठेवली तर त्यात जंतू वाढतात. कोल्हापूर-हुबळीच्या एसटीत बसताना कोरडी फडकी एका पिशवीत, पाण्याची बाटली आणि मळक्यांसाठी तोंड बंद होणारी दुसरी पिशवी घ्या.

मुलीला नेहमी पुढून मागे पुसा. घासू नका, टिपा, आणि कातडी पूर्ण कोरडी झाल्यावरच नवा लंगोट बांधा. पावडर टाळा, ती बाळाच्या श्वासात जाते.

प्रवासात पाकीट घेतलंच तर मागचं बारीक अक्षर वाचा. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचा टिकाऊपणासाठीचा पदार्थ कातडीला अॅलर्जी करतो म्हणून युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी केली. वाइप्सही त्यातच येतात. आणि वाइप संडासात टाकू नका. त्यात बहुतेक वेळा कृत्रिम धागा असतो, तो कुजत नाही, आणि पाइप तुंबतो.

धुणं आणि वाळवणं

शीचं फडकं आधी गार पाण्यात खळबळा. गरम पाण्याने डाग घट्ट बसतो. मग साध्या पावडरीने कढत पाण्यात धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर साबणवडीचा साका कापडात बसून फडकी कडक होतात. वडीऐवजी पावडर घ्या, तीही कमी, आणि एक खळबळणं जास्त करा. कपडे मऊ करणारं द्रव वापरू नका, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं.

उन्हाळ्यात काम सोपं: कडक उन्हात दोरीवर टाका, पिवळे डागही फिके पडतात. अवघड असतो पावसाळा. कणकुंबी-जांबोटीकडच्या गिऱ्हाइकांना हे सांगायला नको, तिथे कपडे चार-चार दिवस दमट राहतात. तेव्हा फडकी पिळून एकेक सुटी पंख्याखाली टाका आणि दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा. हाताला गार लागलं तर ते अजून ओलं आहे, घडी करू नका. काळे ठिपके म्हणजे बुरशी. ते फडकं बाळाला पुन्हा नको, लादी पुसायला घ्या.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर कपडे शेकायची आपल्याकडे पद्धत आहे. ती जरूर पाळा, पण दार-खिडक्या लावून नव्हे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत तो जीव घेतो. बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी उघडी ठेवून शेका.

लालसर पुरळ दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, मांडीच्या घडीत भडक लाल चट्टा आणि भोवती सुटे ठिपके दिसले, किंवा पाणी सुटलं, तर घरगुती लेप न लावता डॉक्टरांना दाखवा. बुरशी निघाली तर बरं होईपर्यंत त्या बाळाची फडकी वेगळी उकळा.

मशीन नसेल तर तुमचं जुनं धोतर-लुगडं स्वच्छ धुऊन आमच्याकडे आणा. कापड तुमच्यासमोर तपासून, मापात फाडून, टीप मारून देतो. झिरझिरीत झालेलं किंवा मिश्र धाग्याचं कापड आम्ही घेत नाही, आणलंत तर तसं तोंडावर सांगू. मराठी, कन्नड, दोन्हींत विचारा. नववा महिना लागायच्या आधी आणलंत तर बरं, आणि श्रावणात शिवणाची गर्दी असते हेही लक्षात ठेवा.