खाणपूर्व जलगुणवत्ता नोंदणी (कोळसा खाणी)

कोळशाची खाण सुरू होण्यापूर्वी परिसरातील विहिरी, बोअरवेल, नाले, तलाव आणि नद्या यांच्या पाण्याची प्रत, पातळी व प्रवाह मोजून ठेवण्याचे हे काम परवानगी-प्रक्रियेचा भाग असते. खाणीचा पाण्यावर काय परिणाम होईल याचा अंदाज आणि पुढे प्रत्यक्षात काय झाले याचा निवाडा, दोन्ही याच आकड्यांवर उभे राहतात. खोदकाम सुरू होऊन पंपांनी पाण्याचा उपसा लागला की मूळ स्थिती पुन्हा मोजता येत नाही, त्यामुळे येथे राहिलेली उणीव नंतर भरून निघत नाही.

काय मोजायचे, हे कोळशाच्या थरावर ठरते. थरातील पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा व पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते आणि ते खडकातील लोह, मँगेनीज व इतर धातू विरघळवते. मेघालयातील गंधकयुक्त कोळशाच्या पट्ट्यात नाल्यांचे पाणी यामुळेच आम्लधर्मी झाले. भारतातील बहुतांश कोळसा ज्या प्राचीन गोंडवाना थरांत आहे, त्या कोळशात गंधक साधारणपणे कमी असते. तेथे विरघळलेले क्षार, कठीणपणा, सल्फेट आणि गाळ यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

नमुना घेण्याची शिस्त वरवर क्षुल्लक वाटते, पण निष्कर्ष तिच्यावरच टिकतात. सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा pH), तापमान, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजावे लागतात, कारण बाटलीतील पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निसटला की सामू बदलतो. धातूंच्या तपासणीसाठीच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात. ते न घातल्यास लोह तळाशी बसते आणि अहवालात प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. बोअरवेलमध्ये साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकावे लागते. नमुन्याची जागा, वेळ, पाण्याची पातळी आणि आदल्या दिवसांतील पाऊस यांची नोंद नसलेला आकडा पुढे तुलनेला फारसा उपयोगी पडत नाही.

अमेरिकेत ३ ऑगस्ट १९७७ च्या पृष्ठभाग-खाणकाम कायद्याने अर्जासोबत अशी माहिती देणे बंधनकारक केले. तेथील नियमांनुसार ऋतुमानानुसार होणारा बदल दिसेल एवढी माहिती लागते. पृष्ठभागावरील खाणकामामुळे एखाद्याचा पाणीपुरवठा दूषित झाला किंवा आटला, तर पर्यायी पाणी देण्याची जबाबदारी कायद्याने खाणचालकावर टाकली आहे, म्हणून विहिरीच्या जुन्या नोंदीला तेथे पुराव्याचे मोल येते. सलग बारा महिने दरमहा नमुने घेण्याची अट घालणारा नियम डिसेंबर २०१६ मध्ये आला; फेब्रुवारी २०१७ मध्ये तो रद्द झाला.

भारतात १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवालासाठी खाणपट्टा आणि त्याभोवतीच्या दहा किलोमीटरच्या क्षेत्रातून माहिती गोळा होते. प्रस्ताव सादर करताना ती तीन वर्षांहून जुनी नसावी लागते. मात्र साधारणपणे पावसाळा सोडून एकाच हंगामाची माहिती पुरेशी मानली जाते, आणि ही या पद्धतीतील सर्वांत मोठी त्रुटी आहे. माती-मुरुमाच्या ढिगाऱ्यांवरून गाळ वाहून येतो तो पावसाळ्यात. त्या काळातील नाल्याचे मूळचे गढूळपण मोजलेलेच नसेल, तर नंतर वाढलेला गाळ खाणीचा की नेहमीच्या पुराचा, हे ठरवणे अवघड होते.

वर्धा खोऱ्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात नैसर्गिकरीत्या फ्लोराइड आढळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. येथील कामठी वालुकाश्म हा पाणी धरून ठेवणारा महत्त्वाचा खडक असल्याने खाणीतील उपशाचा परिणाम विहिरींच्या पातळीपर्यंत पोहोचू शकतो. गावच्या विहिरीची उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यानंतरची अशी दोन्ही वेळची जुनी नोंद हाती नसेल, तर पाण्याच्या बिघाडातील खडकाचा वाटा आणि खाणीचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणे पुराव्याअभावी पडून राहते.